पायातले नाव

शिकारी ससाण्याच्या पायात जो सरंजाम असतो, त्याच्याकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. पक्षी हातावर आहे तोवर त्याला धरून ठेवायचे, आणि निसटलाच तर कुठे अडकू द्यायचे नाही. युरोपात कित्येक शतके पहिल्याच गोष्टीची काळजी घेतली गेली. घोट्याला कायमची चामडी वादी, टोकाच्या फटीत फिरती कडी, कडीतून दोरी. दोरीसकट पळालेला ससाणा फांदीला अडकून उलटा लटके आणि मरे. नुसती वादी उरली तरी फटीत काटकी शिरायची. विसाव्या शतकात मेजर गाय एलमर यांनी यावर तोडगा काढला: घोट्याला रुंद पट्टा, त्यात पितळी भोक, भोकात ओवलेली सुटी वादी. उडवताना बिनफटीची वादी घालायची. हरवलेला पक्षी ती चोचीने ओढून काढू शकतो.

पण तो कोणाचा, हे कसे कळणार? ट्यूडर-स्टुअर्ट काळातले इंग्लिश उमराव वादीच्या टोकाला चांदीची इवलीशी चपटी कडी लावत. तिच्यावर मालकाचे नाव किंवा कुलचिन्ह कोरलेले असे. धातुशोधक यंत्रे घेऊन शेते धुंडाळणाऱ्यांना त्या आजही सापडतात; ससाण्याचे हाडही उरलेले नसते. १३६० च्या कायद्याने सापडलेला ससाणा शेरीफकडे नेणे बंधनकारक केले होते. शेरीफ गावोगाव दवंडी पिटवी. चार महिन्यांत कोणी आले नाही, तर सापडवणारा खानदानी असल्यास पक्षी त्याला मिळे. साधा माणूस असल्यास शेरीफ खर्च देऊन पक्षी ठेवून घेई. म्हणजे प्रामाणिकपणाचे मोलही कुळ बघून!

आजची कडी अखंड, बिनजोडाची असते. साधारण आठ-दहा दिवसांच्या पिलाची पुढची तीन बोटे जुळवून ती वर सरकवतात आणि मागचे बोट हळूच मोकळे करतात. पाय भरला की ती निघत नाही. त्यामुळे पक्षी जंगलातून पकडलेला नाही, याचा तो पुरावाही ठरतो. ब्रिटनमध्ये इंडिपेंडंट बर्ड रजिस्टरकडे कडीवरचा क्रमांक कळवला की मालकाचा माग लागतो. शेपटीवरचा ट्रान्समीटर पक्षी कुठे आहे ते सांगतो खरा, पण बॅटरी संपेपर्यंतच.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानातले ससाणे धरून पाळणे गुन्हा आहे. त्यामुळे, शर्यतीची कबुतरे वगळता, कडीवाला रानपक्षी सापडला तर ती बहुधा अभ्यासकांनी घातलेली असते. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या हलक्या धातूच्या कडीवर संस्थेला कळवण्याची सूचना आणि क्रमांक असतो. पक्षी जिवंत असेल तर कडी काढू नये. क्रमांक, ठिकाण आणि तारीख कळवावी.