बहुटप्पी अग्निबाण : तत्त्व, प्रतिकृती आणि लाडबोरीचे कडे

दि. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, विदर्भाच्या आकाशातून पेटत्या तुकड्यांची एक रांग सरकताना दिसली. त्यानंतर चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे मोकळ्या जागेत आढळले. पवनपार परिसरात पोकळ धातुगोल सापडला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. हे अवशेष फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या ‘चांग झेंग ३बी’ या चिनी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत, असे मत खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मांडले. त्या टप्प्याचा व्यासही ३ मीटरच असतो, हे येथे लक्षणीय होय.

अग्निबाण आपलेच अवयव वाटेत का टाकतो, आणि त्यांतील एखादा वर्षभराने भलत्याच देशातील गावात का पडतो, हे दोन प्रश्न या घटनेतून उद्भवतात.

टप्पे कशासाठी?

रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीकरणानुसार अग्निबाणाला मिळणारा वेग दोन गोष्टींवर ठरतो : वायू बाहेर पडण्याचा वेग, आणि आरंभीच्या व अखेरच्या वस्तुमानांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम. १०० टनांचा अग्निबाण घेऊ. त्यात इंधन ८९ टन, सांगाडा १० टन, उपग्रह १ टन. वायूंचा वेग सेकंदाला ३ किलोमीटर. सर्व इंधन एकाच टप्प्यात जाळल्यास वेग सुमारे ६.६ किलोमीटर मिळतो. भूकक्षेसाठी ७.८ किलोमीटर हवेत. गुरुत्वाकर्षण व हवेचा रोध यांत होणारी तूट धरली, तर ९.३ च्या वर.

आता तेच साहित्य विभागू. पहिल्या टप्प्यात ७२ टन इंधन व ८ टन सांगाडा. दुसऱ्यात १७ व २ टन. पहिले ज्वलन ३.८ किलोमीटर देते. रिकामा ८ टनांचा सांगाडा टाकल्यावर उरलेले २० टन ३ टनांपर्यंत उतरताना आणखी ५.७ किलोमीटर मिळतात, एकूण ९.५. इंधनाचा एक थेंबही वाढलेला नाही. लाभ झाला तो केवळ टाकून देण्याचा.

प्रतिकृतीतील प्रयोग

वर्गात हे तत्त्व दाखविण्यासाठी पुठ्ठ्याच्या नळीचे तयार संच उपयोगी पडतात. (मराठीत ‘दुटप्पी’ या शब्दाला वेगळाच वास असल्याने ‘दोन टप्प्यांचा’ असेच म्हणणे बरे.) एकटप्पी संचाखाली त्याच व्यासाच्या नळीचा आखूड तुकडा जोडणीकड्याने बसवितात. ही जोड घट्टही नको आणि सैलही नको. उड्डाणात ती टिकावी, पण वरचे इंजिन पेटताच सुटावी. खालचे इंजिन ‘सी ६-०’ प्रकारचे असते. त्यातील शून्य म्हणजे विलंबाची भुकटी नाही. दारू संपताच तप्त कण वर उसळून दुसरे इंजिन पेटवितात. वरच्या ‘सी ६-७’ मध्ये मात्र सात सेकंदांचा विलंब असतो, त्यानंतर हवाई छत्री उघडते.

खरी अडचण समतोलाची आहे. खाली इंजिन जोडल्याने गुरुत्वमध्य मागे सरकतो. तो हवेच्या दाबाच्या केंद्रापुढे किमान एक व्यासभर राहावा, म्हणून खालच्या तुकड्याला मोठे पंख द्यावे लागतात. शिवाय विभक्त झाल्यावर वरचा भाग स्वतंत्रपणे स्थिर हवा. अग्निबाण कलला असताना दुसरा टप्पा पेटला, तर तो आडवा धावतो. चंद्रपूर-गडचिरोलीत उन्हाळ्यात सागाचा व बांबूचा वाळका पाला पसरलेला असताना याचा अर्थ वणवा होय. ही इंजिने स्फोटक द्रव्यांच्या कायद्याच्या (१८८४) कक्षेत येतात, हेही विसरता येत नाही. महाविद्यालयाने परवान्याखेरीज त्यांच्या वाटेस जाऊ नये. पाण्याच्या दाबावरील दोन बाटल्यांचा अग्निबाण विभक्त होण्याची क्रिया पुरेशी दाखवितो.

पडण्याचे ठिकाण

प्रतिकृतीचा खालचा तुकडा गिरक्या घेत जवळच पडतो. मोठ्या अग्निबाणांचे खालचे टप्पेही कक्षीय वेगापर्यंत पोहोचत नसल्याने त्यांचे पतनक्षेत्र आधी आखता येते; श्रीहरिकोटा समुद्रकाठी असण्यामागे हे एक कारण आहे. वरचा टप्पा मात्र उपग्रहाबरोबर स्वतःही कक्षेत शिरतो. लंबवर्तुळाकार कक्षेत पृथ्वीलगत येताना प्रत्येक फेरीत त्याला विरळ हवेचा रोध होतो, कक्षा आकसत जाते आणि अखेर तो कोसळतो. सौर हालचालींनुसार वरच्या हवेची घनता बदलत असल्याने नेमकी वेळ सांगता येत नाही. सेकंदाला सात-आठ किलोमीटर धावणाऱ्या वस्तूबाबत दहा मिनिटांची चूकही चार हजारांवर किलोमीटरची होते. बराचसा भाग वर जळतो. पण दाबाखालील वायूंच्या पोकळ टाक्या आकाराच्या मानाने हलक्या असल्याने उंचावरच वेग गमावतात. त्या टायटॅनियमच्या असल्यास वितळण्यास सुमारे १,६७० अंश सेल्सिअस तापमान लागते.

एप्रिल हा या भागात पहाटे मोहफुले वेचण्याचा हंगाम. अशी वस्तू प्रथम सापडण्याची शक्यता वेचणाऱ्यांनाच अधिक. दिशानियंत्रणासाठी अनेक अग्निबाणांत विषारी हायड्राझिन वापरले जाते. म्हणून टाकी उचलून घरी आणणे धोक्याचे असून तहसील किंवा पोलीस ठाण्यास कळविणे हाच मार्ग होय. १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रक्षेपक देशाने मागणी केल्यास अवशेष परत करावे लागतात. १९७२ च्या करारानुसार जमिनीवरील नुकसानीचे दायित्व, चूक सिद्ध न करताही, त्या देशावर येते. दावा मात्र शासनानेच करावयाचा असतो.