उष्णतेची चूक कशी काढतात?

मालवणात घरासाठी जांभा उत्तम, पण पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या वेधशाळेला तो चालत नाही. त्यात लोह भरपूर असते. याच कोकण किनाऱ्यावर अलिबागला १९०४ मध्ये अशी वेधशाळा सुरू झाली. कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने तिथल्या कुलाबा वेधशाळेच्या नोंदी बिघडल्या असत्या. अलिबागच्या इमारतीसाठी अचुंबकीय पोरबंदरी दगड वापरला.

अलिबागच्या जुन्या यंत्रांत टांगलेल्या चुंबकावरील आरशातून परावर्तित झालेला प्रकाशबिंदू फोटोच्या कागदावर रेघ उमटवी. चुंबक तापला की त्याची शक्ती घटते. म्हणजे खोलीतली ऊब पृथ्वीच्या क्षेत्रातला बदल असल्यासारखी नोंदली जाई. म्हणून खोलीचे तापमान स्थिर ठेवायचे आणि उरलेली चूक तापमापक पाहून आकडेमोडीने वजा करायची.

चुंबकीय क्षेत्र किंवा विद्युत्प्रवाह मोजणारे आजचे काही प्रकाशीय संवेदक वेगळ्या तत्त्वावर चालतात. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या काचेतून जाताना प्रकाशाचे ध्रुवणप्रतल, म्हणजे त्याच्या लहरींच्या कंपनाचे प्रतल, किंचित वळते. मायकेल फॅरडे यांनी हे १८४५ मध्ये दाखवले. वळण मोजले की क्षेत्र कळते, आणि त्यावरून तारेतला विद्युत्प्रवाहही. पण वळणही तापमानावर अवलंबून असते. टर्बियमयुक्त स्फटिकात दहा अंशांनी तापमान वाढले, तर ते सुमारे तीन टक्क्यांनी घटते. साध्या सिलिका काचेत हा फरक फार कमी असतो, पण वळणही कमी मिळते. शिवाय तापलेल्या काचेत ताण निर्माण होऊन ध्रुवण बिघडते.

उपाय मात्र जुनाच आहे: संवेदकाशेजारी तापमापक बसवायचा, आधी प्रयोगशाळेत प्रत्येक तापमानाची चूक नोंदवायची आणि मग प्रत्येक वाचन त्यानुसार दुरुस्त करायचे. खात्रीचे मोजमाप याने मिळते.