श्रीपती खंचनाळे यांचे कुस्तीच्या इतिहासातील स्थान

दूधगंगेच्या काठावरील सदलगा आणि त्याच्या शेजारचे एकसंबा ही बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी तालुक्याची गावे. नकाशावर ती कर्नाटकात असली, तरी तेथील तरुण मल्लाची पावले पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापूरच्या तालमींकडेच वळत आली. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे याच वाटेने गेले. शाहूपुरी तालमीच्या मातीत ते घडले आणि १९५९ साली नवी दिल्लीत पंजाबच्या बंता सिंग यांना हरवून त्यांनी हिंदकेसरीची गदा मिळवली. १४ डिसेंबर २०२० रोजी कोल्हापुरात, वयाच्या ८६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मराठी मुलूख त्यांना ‘पहिले हिंदकेसरी’ म्हणून ओळखतो. मात्र कुस्तीच्या इतिहासात त्यांचे नेमके स्थान कोणते, याचे उत्तर केवळ या बिरुदाने मिळत नाही.

पहिलेपण हा मोठा मान असला, तरी त्यात काळाचा वाटा असतो. किताब कोणत्या वर्षी सुरू व्हावा, हे मल्लाच्या हाती नसते. म्हणून पहिलेपण बाजूला ठेवूनही जे उरते, त्यावरच मल्लाची थोरवी ठरायला हवी.

या बाबतीत मुष्टियुद्धाचा इतिहास उपयोगी पडतो. १७५ पौंडांपर्यंतच्या, म्हणजे साधारण ७९ किलोंच्या ‘लाइट हेवीवेट’ गटात आर्ची मूर यांनी डिसेंबर १९५२ मध्ये जोई मॅक्सिम यांना हरवून जगज्जेतेपद मिळवले आणि जवळजवळ दशकभर ते टिकवले. याउलट एझर्ड चार्ल्स यांना या गटाचे जगज्जेतेपद कधीच मिळाले नाही. तरीही या गटातील सर्वश्रेष्ठ कोण, असे विचारले की अनेक जाणकार चार्ल्स यांचेच नाव घेतात. कारण साधे आहे. १९४६ ते १९४८ या काळात चार्ल्स यांनी मूर यांना तीनदा हरवले होते. कमरेला पट्टा कोणता होता, यापेक्षा समोर कोण उभा होता आणि त्याचे काय झाले, हा निकष तेथे अधिक वजनदार मानला जातो.

भारतीय कुस्तीलाही हा निकष परका नाही. गामा पैलवानांच्या नावावर ऑलिम्पिकचे पदक नाही. पण १९१० साली लंडनमध्ये स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांच्याशी त्यांनी सुमारे तीन तास दिलेली बरोबरीची झुंज आणि १९२८ साली पतियाळात त्याच झिबिस्को यांना काही क्षणांत दाखवलेले अस्मान, एवढ्यावर त्यांचे स्थान अढळ झाले.

हाच तराजू खंचनाळे यांना लावला, तर पहिल्या पारड्यात दिल्लीची कुस्ती येते. त्या काळी उत्तरेचे, विशेषतः पंजाबचे मल्ल देशभरातील आखाड्यांत दबदबा राखून होते. अशा मुलखातील मल्लाला राजधानीत, त्याच्या घराजवळच्या प्रेक्षकांसमोर हरवणे ही गावच्या जत्रेतील शेवटच्या कुस्तीपेक्षा फार वेगळी कसोटी होती. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या यशाचा विस्तार. त्याच वर्षी कराडच्या मैदानात आनंद शिरगावकर यांच्यावर मात करून त्यांनी महाराष्ट्र केसरीचा मानही मिळवला. एकाच वर्षात राज्याचा आणि देशाचा मान लाभणे हे योगायोगाचे लक्षण नव्हे.

येथे इतिहासाचा एक विलक्षण पेच दिसतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला होता. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी जन्माला आले. म्हणजे महाराष्ट्र राज्य अस्तित्वात येण्यापूर्वीच म्हैसूर राज्यातील गावचा मल्ल महाराष्ट्राचा केसरी ठरला. तेव्हा गोवाही पोर्तुगीज अमलाखालीच होता. राजकीय सीमा आखल्या जात असताना तांबड्या मातीचा मुलूख मात्र जुन्याच खुणांनी चालत होता. पुढे साठच्या दशकात बेळगावचे चंबा मुतनाळ यांनी महाराष्ट्र केसरीची गदा पटकावली, तेव्हाही हेच दिसले.

आता दुसरे पारडे. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून दिले. १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य जिंकले, १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये भाग घेतला आणि त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळवला. कवठेपिरानचे मारुती माने हे १९६४ चे हिंदकेसरी. तेही जाकार्ताहून फ्रीस्टाइलचे सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचे रौप्य घेऊन परतले होते. आशियाई वा ऑलिम्पिक पदक खंचनाळे यांच्या नावावर नाही. हे वास्तव झाकून त्यांची थोरवी वाढत नाही.

मात्र ही तुलना करताना दोन खेळांमधील अंतर ध्यानात घ्यावे लागते. मातीवरील निकाली कुस्तीत गुण नसतात. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावली तरच विजय, मग त्याला दोन मिनिटे लागोत वा दोन तास. मॅटवर वेळ बांधलेली असते आणि प्रत्येक पकडीचे गुण मोजले जातात. मातीत दमसास आणि अंगची ताकद यांना जे मोल असते, ते मॅटवर चपळाईला आणि नियमांच्या जाणिवेला मिळते. शिवाय परदेशी जाण्याची वाटही सोपी नव्हती. खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांना आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे करावे लागले होते. पदकाचा अभाव म्हणजे कर्तृत्वाचा अभाव, असा सरळ हिशेब त्या काळाला लावता येत नाही.

तरीही आंदळकर आणि माने यांनी माती आणि मॅट अशा दोन्ही ठिकाणी स्वतःला सिद्ध केले. म्हणून कारकिर्दीच्या व्यापाच्या दृष्टीने त्यांचे स्थान खंचनाळे यांच्या वर मानावे लागेल, आणि जागतिक यशाच्या दृष्टीने खाशाबा या सर्वांच्या वर. खंचनाळे यांचे मोठेपण निराळ्या ठिकाणी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर मल्लविद्येचे माहेरघर झाले आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. संस्थाने विलीन झाल्यावर हा राजाश्रय सरला. पैलवानाचा खुराक कोणी पुरवायचा आणि त्याच्या कष्टांना मान कोणी द्यायचा, असा प्रश्न तालमींपुढे उभा राहिला. अशा वेळी राजाच्या इनामाऐवजी देशपातळीवरचा किताब हे मल्लाचे ध्येय होऊ शकते, हे खंचनाळे यांच्या गदेने दक्षिणेतील तालमींना दाखवले. पुढच्याच वर्षी आंदळकर हिंदकेसरी झाले, चार वर्षांनी माने. त्या रांगेच्या अग्रभागी एकसंब्याचा मल्ल उभा आहे.

हा निवाडा पक्का करण्यात मोठी अडचण आहे ती नोंदींची. आर्ची मूर कोणाशी, कोठे, किती फेऱ्या लढले, हे आजही तारीखवार पाहता येते. आपल्याकडील मैदानांचे निकाल मात्र जुन्या हस्तपत्रकांत, तालमींच्या भिंतींवरील छायाचित्रांत आणि वृद्ध वस्तादांच्या आठवणींत विखुरले आहेत. कोणती कुस्ती निकाली झाली, कोणती बरोबरीत सुटली, हे सांगणारी पिढी आता विरळ होत चालली आहे. सदलगा-एकसंबा परिसरातील आणि कोल्हापूरच्या तालमींतील जाणत्या मंडळींकडून हे सारे वेळीच लिहून घेतले, तर खंचनाळे यांच्या स्थानाचा निर्णय बिरुदावर नव्हे, त्यांनी मारलेल्या कुस्त्यांवर होईल. मल्लाला त्याहून मोठा न्याय नाही.