विद्युत-साहाय्यित लांब शेपटीची मालवाहू सायकल : वाशिम जिल्ह्यातील दैनंदिन भारवाहतुकीच्या संदर्भात

प्रस्तावना

ग्रामीण वाहतुकीचा विचार आपल्याकडे बहुधा रस्ता, एस.टी. आणि बाजार समितीकडे जाणारा शेतमाल या तीन बाबींभोवती फिरतो. सोयाबीनची पोती ट्रॅक्टरवर चढली की वाहतुकीचा प्रश्न सुटला, असे गृहीत धरले जाते. परंतु घर, शेत, दुकान आणि आठवडी बाजार यांच्यामध्ये रोज जो माल हलतो, तो या हिशेबात येतच नाही. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० किलोची. घरगुती गॅसची भरलेली टाकी ३० किलोच्या आसपास. पिण्याच्या पाण्याचा कॅन २० लिटरचा. यांत दुधाचे कॅन, पिठाची गिरणी, जनावरांचा चारा आणि भाजीविक्रेत्याच्या टोपल्या मिळवल्या तरी बहुतेक भार २० ते १०० किलोंच्या दरम्यान राहतात. डोक्यावर नेण्यास हे ओझे जड आणि टेम्पो ठरविण्यास हलके. या मधल्या पट्ट्यात आज मोटारसायकल हेच प्रमुख साधन आहे. ज्या घरी ती नाही, किंवा आहे पण ती घरातील पुरुष घेऊन गेला आहे, तेथे ओझे पुन्हा डोक्यावरच येते. आणि ते डोके बहुतांशी स्त्रीचे असते.

या पट्ट्यासाठी जगात अन्यत्र रूढ झालेले एक साधन म्हणजे लांब शेपटीची मालवाहू सायकल, अर्थात लाँगटेल. तिला लहानशा विद्युत मोटरची जोड दिल्यास ती वाशिमसारख्या जिल्ह्यात कितपत उपयुक्त ठरेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. जिल्ह्यात अशा सायकलींचा प्रसार अद्याप झालेला नाही. त्यामुळे हे विवेचन यंत्रशास्त्र, कायदा आणि महाराष्ट्रातील एका निकटच्या प्रयोगाच्या आधारे केले आहे.

भार कोठे ठेवला जातो?

साध्या सायकलीवर माल वाहणे आपल्याला नवे नाही. मुंबईचे डबेवाले स्थानकापासून कचेरीपर्यंत डबे सायकलीवरून पोहोचवतात. झारखंडात सायकलीवर दोन-दोनशे किलो कोळसा लादून नेणारे मजूर आहेत. मात्र ते सायकल चालवत नाहीत, ढकलतात. चालवणे आणि ढकलणे यांतील या फरकातच प्रस्तुत विषयाचे मर्म आहे. सायकल भार पेलू शकते. अडचण येते ती भार पेलून तिच्यावर स्वार होण्यात.

याचे पहिले कारण भाराची जागा. नेहमीच्या उंच सायकलीत दोन्ही चाकांच्या आसांमधील अंतर साधारणतः ११० सेंटिमीटर असते. कॅरियरवर गोणी ठेवली की तिचा मध्य मागच्या आसाच्याही काहीसा मागे जातो. ६० किलोंची गोणी आसाच्या १० सेंटिमीटर मागे आहे असे धरल्यास तरफेच्या साध्या नियमानुसार पुढच्या चाकावरील सुमारे साडेपाच किलो भार कमी होतो. हँडल हलके पडते, सायकल पुढून उचलल्यासारखी वाटते आणि खड्ड्यात ती भरकटते. शिवाय गोणी उंचावर असल्याने तोल राखणे कठीण जाते आणि ती खाली लटकवावी तर टाचा लागतात.

लाँगटेलमध्ये मागचे चाक सुमारे ३८ सेंटिमीटर आणखी मागे नेलेले असते. बदल एवढाच. तीच ६० किलोंची गोणी आता मागच्या आसाच्या २८ सेंटिमीटर पुढे, म्हणजे दोन चाकांच्या मध्ये येते आणि पुढच्या चाकावर सुमारे ११ किलो भार वाढतो. हँडल ताब्यात राहते. सायकलस्वाराच्या टाचांमागे दोन्ही बाजूंस जागा मोकळी झाल्याने माल चाकाच्या बगलेत, जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर अडकवता येतो. दोन कॅन डावी-उजवीकडे खाली आणि हलकी टोपली वर, अशी ही मांडणी असते.

या रचनेचा उगम गरीब देशाच्या गरजेत आहे, ही बाब सहसा विसरली जाते. रॉस इव्हान्स हा अमेरिकेतील अभियांत्रिकीचा विद्यार्थी १९९५ च्या सुमारास निकाराग्वात होता. तेथील लोकांना सायकलीवरून अधिक माल सुलभपणे नेता यावा म्हणून त्याने मागे जोडावयाचा वाढीव सांगाडा तयार केला. त्यातून १९९८ मध्ये एक्स्ट्रासायकल ही कंपनी निघाली. पुढे मात्र हे साधन प्रामुख्याने अमेरिका व युरोपातील शहरी कुटुंबांनी मुले आणि किराणा नेण्यासाठी उचलले आणि त्याची किंमत दीड लाख रुपयांच्या आसपास व त्यापुढे गेली. ज्यांच्यासाठी ते सुचले, त्यांच्यापर्यंत ते फारसे पोहोचलेच नाही.

चढ आणि मोटर

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या विस्तारावर वसलेला हा भाग पठारी असला तरी सपाट नाही. मालेगावहून मेडशीमार्गे अकोल्याकडे जाताना पातूरच्या घाटात रस्ता पठार सोडून खाली उतरतो. तर काटेपूर्णा, अडाण, अरुणावती आणि दक्षिणेकडील पैनगंगा यांच्या खोऱ्यांमुळे अंतर्गत रस्त्यांनाही चढउतार आहेत. सायकल मागे पडण्याचे दुसरे कारण येथे आहे.

सायकलस्वार ६५ किलो, सायकल ३५ किलो आणि माल ८० किलो, असे एकूण १८० किलो वजन धरू. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी १२ किलोमीटर वेगाने जाण्यास घर्षण आणि हवेचा विरोध मिळून सुमारे ७५ वॉट शक्ती लागते. सर्वसाधारण निरोगी प्रौढ व्यक्ती तेवढी शक्ती तासभर सहज देऊ शकते. म्हणजे सपाटीवर या सायकलीला मोटरची गरजच नाही. आता शंभर मीटरला चार मीटर चढणारा रस्ता घ्या. त्याच ७५ वॉटमध्ये वेग ताशी जेमतेम ३ किलोमीटर उरतो. हा वेग पायी चालण्याहूनही कमी असून त्यात दुचाकीचा तोल राहत नाही. माणूस उतरतो आणि ढकलू लागतो. २५० वॉटच्या मोटरमधून चाकापर्यंत २०० वॉट पोहोचतात असे मानल्यास त्याच चढावर वेग ताशी ११ किलोमीटर होतो. लांब शेपूट भारासाठी आणि मोटर चढासाठी, अशी ही कामाची विभागणी आहे. केवळ मोटर बसवून जुन्या कॅरियरवर गोणी लादणे हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याने भरकटणारी सायकल अधिक वेगाने भरकटेल.

मोटरच्या निवडीतही एक खोच आहे. चाकाच्या तुंब्यात बसणारी हब मोटर स्वस्त असते, परंतु मंद वेगात, नेमकी चढावर, तिची कार्यक्षमता घटते आणि ती तापते. पायडलपाशी बसणारी मोटर सायकलीचे गियर वापरते म्हणून चढ चांगला चढते. पण ती महाग असते आणि चेन लवकर झिजवते. मागचे चाक २० इंचांचे ठेवून त्यात गियरयुक्त हब मोटर बसविणे हा आपल्याकडे व्यवहार्य मध्यममार्ग वाटतो. चाक लहान असल्याने त्याच मोटरचा रेटा वाढतो, आरे आखूड असल्याने चाक मजबूत होते आणि मालही खाली येतो.

फलटणचा अनुभव

मानवी श्रमाला मोटरची जोड देण्याचा विचार महाराष्ट्रात यापूर्वीच झालेला आहे. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षावर काम केले. त्यांनी तीन रूपे मांडली : गियर व चांगले ब्रेक असलेली सुधारित पायडलरिक्षा, पायडलला मोटरचे साहाय्य असलेली रिक्षा आणि पूर्णतः बॅटरीवर चालणारी रिक्षा. २००२ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्यांचा याविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. डॉ. राजवंशी यांना २०२२ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली.

पुढे देशात प्रसार झाला तो पूर्ण विद्युत रिक्षेचा. श्रम आणि मोटर यांच्या मिलाफाचे मधले रूप मागेच राहिले. प्रवासी वाहतुकीत ते स्वाभाविक होते, कारण तेथे फेऱ्यांच्या संख्येवर उत्पन्न ठरते. दिवसातून दोन-चार खेपा करणाऱ्या घरगुती भारवाहतुकीत मात्र मधले रूपच किफायतशीर ठरण्याची शक्यता अधिक आहे. कारण बॅटरी लहान लागते आणि ती संपली तरी सपाटीवर सायकल चालतच राहते.

कायदा आणि खर्च

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) नुसार, ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी शक्तीची मोटर असलेली आणि बॅटरी वगळून ६० किलोंपेक्षा अधिक वजन नसलेली पायडल-साहाय्यित सायकल मोटार वाहन गणली जात नाही. वेग ताशी २५ किलोमीटर होताच किंवा पायडल मारणे थांबताच मोटर बंद पडली पाहिजे, योग्य ब्रेक हवेत आणि पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक हवा. अशा सायकलीस परवाना व नोंदणी लागत नाही. मात्र या अटींची पूर्तता पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या अधिकृत चाचणी संस्थेने प्रमाणित करावी लागते. गावातील मेकॅनिकने बसविलेल्या जोडणीस ही मुभा आपोआप मिळत नाही, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. धोरणाच्या पातळीवर पाहता, दिल्ली शासनाने २०२२ मध्ये विद्युत मालवाहू सायकलीच्या पहिल्या ५,००० खरेदीदारांसाठी प्रत्येकी १५,००० रुपयांचे अनुदान जाहीर केले होते. ग्रामीण जिल्ह्याची गरज शहरातील घरपोच वितरणापेक्षा वेगळी आहे, पण कमी नाही.

खर्चाबाबत अतिशयोक्ती टाळली पाहिजे. ५०० वॉट-तासांची बॅटरी भारासह साधारणतः ३५ किलोमीटर चालते आणि ती भरण्यास अर्धा ते पाऊण युनिट वीज लागते. म्हणजे पाच-सहा रुपये. केवळ एवढाच आकडा सांगून विद्युत वाहने विकली जातात. बॅटरी १५,००० रुपयांना मिळते आणि ६०० वेळा भरता येते असे धरल्यास प्रत्येक भरणीमागे २५ रुपये झीज येते. एकंदर खर्च किलोमीटरला नव्वद पैशांच्या आसपास जातो. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या पुढे आणि मोटारसायकल लिटरला पन्नास किलोमीटर धरली, तर केवळ इंधनाचाच खर्च दोन रुपये होतो. बचत आहे, पण ती निम्म्याची आहे. विसाव्या हिश्शाची नव्हे. त्याहून मोठा लाभ म्हणजे वाहन परवान्याविना घरातील कोणाही जाणत्या व्यक्तीस वापरता येते. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या, त्यामुळे सायकल चालवू शकणाऱ्या तरुण स्त्रियांची एक पिढी गावोगावी आहे. त्या सायकलींचे कॅरियर मात्र दप्तराच्या वजनापुरतेच होते.

स्थानिक अडचणी

परदेशी नमुना जसाच्या तसा येथे चालणार नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये भरून चाक जाम होते, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. म्हणून तेथे किमान तीन बोटे मोकळी जागा हवी, अथवा मडगार्ड चटकन काढता आला पाहिजे. अशा चिखलवाटेवर ही सायकल बैलगाडीची जागा घेऊ शकत नाही; तिचे क्षेत्र डांबरी आणि खडीच्या रस्त्यांचे. त्यातही समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जात असला तरी त्यावर दुचाकींना मज्जाव असल्याने तो या विचारात धरता येत नाही.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या तापमानात लिथियम बॅटरी भरणे तिच्या आयुष्यास घातक असते. ती सुटी काढून घरात, रात्री भरता यावी, आणि सायकल दिवसा पत्र्याच्या शेडखाली उभी राहणार असेल तर बॅटरी तिच्यावर ठेवू नये. उतारावर १८० किलो वजन थांबविण्यास जुने सळईचे ब्रेक अपुरे पडतात. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असणे ही येथे चैन नव्हे. माल चढविताना सायकल एकट्या माणसाला उभी धरावी लागू नये म्हणून रुंद पायांचे दुहेरी स्टँड हवे, हे कोणताही दूधवाला अभियंत्याआधी सांगेल.

जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतने यांच्या कार्यशाळांत नळी कापणे, वेल्डिंग आणि चाक बांधणी ही कौशल्ये उपलब्ध आहेत. सांगाडा तेथे तयार करून मोटर, कंट्रोलर व बॅटरी प्रमाणित उत्पादकाकडून घ्यावी आणि पूर्ण वाहन चाचणीस पाठवावे. पहिले नमुने प्रदर्शनात न ठेवता एखाद्या दूध संकलन केंद्रास आणि एखाद्या महिला बचत गटास जून ते मे असे पूर्ण वर्षभर वापरावयास द्यावेत. प्रत्येक खेपेचे वजन, अंतर, बॅटरीची भरणी आणि तुटलेल्या आऱ्यांची संख्या यांची नोंद वापरणाऱ्यांनीच ठेवावी. सायकल घरातील कोण चालवते, याचाही एक रकाना त्या वहीत असावा.