हृदयाचा चुकलेला ठेका आणि ॲब्लेशन



रुग्णांबरोबर शहरातील मोठ्या दवाखान्यात जाताना ‘ॲब्लेशन’ हा शब्द हल्ली वारंवार कानी पडतो. मी डॉक्टर नाही. पण घरच्यांनी संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा करण्यापूर्वी त्यांना हे समजावून सांगावे लागते. तेच येथे मांडतो.

हृदयाला ठेका देणारे केंद्र उजव्या वरच्या कप्प्यात असते. ‘एट्रियल फिब्रिलेशन’मध्ये वरचे दोन्ही कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. नाडी अनियमित होते, छाती धडधडते, दम लागतो. मोठा धोका मात्र वेगळाच आहे. डाव्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो.

फ्रान्समधील बोर्दो येथील डॉ. मिशेल हैसागेर व सहकाऱ्यांनी १९९८ साली ४५ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. गडबड सुरू करणारी ६९ ठिकाणे त्यांना आढळली. त्यांपैकी ६५ फुप्फुसांकडून डाव्या कप्प्यात रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये होती. म्हणून आज या शिरांच्या तोंडाभोवती व्रणाचे कुंपण घालतात. व्रणातून विजेचा संदेश पुढे जात नाही.

त्यासाठी छाती उघडत नाहीत. जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि दोन कप्प्यांमधला पडदा सुईने छेदून डावीकडे जातात. कुंपण घालण्याच्या मुख्य पद्धती तीन. पहिलीत नळीच्या टोकाच्या उष्णतेने एकेक बिंदू भाजतात. दुसरीत शिरेच्या तोंडाशी फुगा टेकवून ती जागा गोठवतात. तिसऱ्या, नव्या पद्धतीत विजेचे अतिसूक्ष्म काळाचे झटके देतात. त्यांत शेजारच्या अन्ननलिकेला इजा होण्याचा धोका कमी असतो. तरीही रक्तस्राव, हृदयाभोवती रक्त साचणे असे धोके थोड्या रुग्णांत राहतातच. काहींना उपचार पुन्हा करावा लागतो.

आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचे पुढेच आहे. गरीब वस्त्यांमध्ये या आजारामागे पुष्कळदा संधिवाताच्या तापाने अरुंद झालेली झडप असते. ॲब्लेशनने झडप दुरुस्त होत नाही. तेथे आधी झडपेचा उपचार आणि रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी लागते, तीही नियमित रक्ततपासणीसह. ॲब्लेशन झाले तरी अशी गोळी निदान दोन-तीन महिने चालू ठेवतात. ज्यांना अर्धांगवायूचा धोका अधिक, त्यांना पुढेही घ्यावी लागते. “ठेका सुधारला, आता गोळी कशाला?” असे म्हणून ती परस्पर सोडणे जिवावर बेतू शकते.

म्हणून ॲब्लेशनसाठी मदत मागणारा रुग्ण आला, तर प्रथम विचारा : ईसीजी व इको झाले का? झडप कशी आहे? पुढच्या गोळ्यांची आणि तपासणीच्या प्रवासखर्चाची सोय आहे का? आणि पाड्यावरील मुलाचा घसा दुखून ताप आला, किंवा नंतर सांधे सुजले, तर त्याला लगेच आरोग्य केंद्रात न्या. वेळीच मिळालेले पेनिसिलिन त्याच्या हृदयाची झडप वाचवू शकते.