समुद्रात सांडलेले तेल पावसातून पडते काय?

दिनांक २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात, अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यापासून दूर, ‘डीपवॉटर होरायझन’ नावाच्या तेलविहीर खोदणाऱ्या तराफ्यावर भयंकर स्फोट झाला. अकरा कामगार प्राणास मुकले. दोन दिवसांनी तराफा बुडाला आणि सुमारे दीड हजार मीटर खोल तळाशी फुटलेल्या विहिरीतून खनिज तेल उसळू लागले. १५ जुलै रोजी तो प्रवाह थांबविण्यात आला, तोवर सरकारी अंदाजाप्रमाणे ४९ लाख पिंपे तेल बाहेर पडले होते. एका पिंपात सुमारे १५९ लिटर मावते, हे ध्यानी घेतले म्हणजे संकटाचा आकार कळतो.

त्या वर्षी जून महिन्यात तेथील एका वस्तीतील रस्त्याचे चलच्चित्र जगभर पसरले. पाऊस नुकताच पडून गेला होता आणि कडेच्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग चमकत होते. समुद्रातील तेल आता आभाळातून पडू लागले, अशी आवई उठली. भीती साहजिकच होती. पावसावर ज्याचे शेत, ज्याची विहीर आणि ज्याची गुरे अवलंबून आहेत, त्याला याहून मोठी धास्ती कोणती?

वाचकहो, या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या मिठागरात आहे. आगरात घेतलेले समुद्राचे पाणी उन्हाने आटते, वाफ होऊन वर जाते आणि मीठ खालीच राहते. म्हणूनच खाऱ्या समुद्रातून उठलेल्या ढगांचा पाऊस आपण गोड म्हणून पितो. खनिज तेलाचा जड, चिकट भागही मिठाप्रमाणेच खाली राहतो. ढगापर्यंत तो चढत नाही.

मात्र सर्व तेल जड नसते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. काजूचा आंबवलेला रस भट्टीवर चढविला म्हणजे हलका अंश आधी वाफ होऊन निघतो व उरलेले भांड्यात राहते. समुद्रावरील तेलाचेही तसेच घडते. पेट्रोलसारखे हलके अंश एकदोन दिवसांत उडून जातात. तथापि या वाफा पाण्याशी फारशा मिसळत नाहीत. त्या वाऱ्याबरोबर विरळ होतात आणि सूर्यप्रकाशात घडणाऱ्या रासायनिक क्रियांनी त्यांचे विघटन होते. आखातावर विमानातून केलेल्या मोजमापात या वाफांपासून सूक्ष्म कण बनल्याचे आढळले. तेव्हा तेथील हवा निर्मळ होती असे नव्हे; तवंगाजवळ काम करणाऱ्यांना तिचा धोका होताच. परंतु विरळ वाफ निराळी आणि तेलाचा पाऊस निराळा.

मग रस्त्यावरचे ते रंग कोठले? मोटारींच्या यंत्रांतून तेल ठिबकते व रस्त्यात मुरते. पाऊस पडला की ते पाण्यावर तरंगते. एक थेंबदेखील पसरून मोठा रंगीत पापुद्रा तयार करतो. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या कोणत्याही गावच्या हमरस्त्यावर हे दिसेल.

चक्रीवादळाने तरी तेल ढगात जाईल ना, अशीही शंका निघाली होती. वादळ आपली वाफ तवंगाहून कितीतरी विस्तीर्ण प्रदेशातून ओढून घेते, असा खुलासा अमेरिकेच्या सागर व वातावरण खात्याने केला. खरा धोका लाटांचा. खवळलेल्या लाटांच्या तुषारांतून तेलाचे बारीक कण किनाऱ्यालगत उडू शकतात आणि उधाणाचे पाणी तवंग खाडीत व दलदलीत लोटते. जूनअखेर ‘ॲलेक्स’ वादळ आले तेव्हा तेल गोळा करणाऱ्या नौकांना माघारी फिरावे लागले आणि लाटांनी तेल किनाऱ्यावर आणून टाकले.

पाऊस काळा होतो तो तेल पेटल्यावर. १९९१ साली कुवेतमध्ये सहाशेहून अधिक तेलविहिरींना आगी लावण्यात आल्या. शेवटची विहीर नोव्हेंबरात आटोक्यात आली. त्या धुराची काजळी आभाळात चढली आणि शेजारच्या इराणमध्येही काळा पाऊस पडला. तेथे तेलाची वाफ कारण नव्हती, जळण्यातून उठलेली काजळी कारण होती.

आपल्या किनाऱ्यालाही हा विषय परका नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले. ते तिवरांच्या मुळांना माखले आणि मासळीचा धंदा बसला. गोव्याच्या पुळणींवरही पावसाळ्याच्या सुमारास डांबराचे गोळे येऊन पडतात. हे सारे लाटांनी आणले, ढगांनी नव्हे.

तात्पर्य, संकट जेथून येते तेथे पाहावे. तेल सांडले या वार्तेने साठविलेले पावसाचे पाणी ओतून देण्याचे कारण नाही. छपरावरचे पाणी धरताना पहिल्या सरी वाहू द्याव्यात, त्या धूळ आणि पाखरांची घाण धुऊन जावी म्हणून. किनाऱ्यावर मात्र सावध असावे. तेलकट वासाची मासळी घेऊ नये. मुलांना डांबराच्या गोळ्यांशी खेळू देऊ नये. पायाला डांबर लागलेच तर रॉकेलने न घासता खोबरेल तेलाने सैल करून साबणाने धुवावे. आभाळाकडे भयाने पाहत राहणाऱ्याच्या पायांखालचे डांबर तसेच राहते. आणि किनारा स्वच्छ ठेवण्याचे काम तर तेथेच, पायांखाली आहे.