मिठाच्या पूलमधला क्लोरीन

अलिबाग, कर्जत, लोणावळ्याकडच्या भाड्याच्या बंगल्यांच्या जाहिरातींत ‘सॉल्ट वॉटर पूल’ असं दिसू लागल्यापासून साधा पूल असलेले बंगलेवाले पूलवाल्याला गाठतात. “आपलाही मिठाचा करून टाका, क्लोरीनची कटकट जाईल.” कटकट बरीच जाते हे खरं. क्लोरीन मात्र जात नाही. मिठाच्या पूलमध्येही पाणी निर्जंतुक करतो तो क्लोरीनच, फक्त डब्यातून टाकण्याऐवजी तो पंपरूममध्ये, पाइपातल्या पाइपात तयार होतो. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. ते बसलं नाही तर नवं यंत्र लावूनही पाणी हिरवं होतं आणि खापर मिठावर फुटतं.

यंत्राचा जीव आहे तो सेलमध्ये. फूटभर लांबीचं एक नळकांडं, बहुधा पारदर्शक, आणि त्यात एकमेकींना न चिकटता उभ्या असलेल्या टायटॅनियमच्या पातळ प्लेटा. प्लेटांवर रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा काळसर लेप असतो. सेलची किंमत या लेपाची आणि आयुष्यही याच लेपाचं. कंट्रोलर घरच्या विजेचं कमी दाबाच्या डीसी करंटमध्ये रूपांतर करून तो प्लेटांना देतो. पाण्यात मीठ विरघळलेलं असलं की एका बाजूच्या प्लेटेवर क्लोरीन सुटतो आणि दुसऱ्या बाजूला हायड्रोजनचे बुडबुडे व थोडा कॉस्टिक सोडा तयार होतो. क्लोरीन लगेच पाण्यात विरून हायपोक्लोरस ॲसिड होतं. टीसीसीएच्या, म्हणजे पूलमध्ये टाकायच्या नेहमीच्या क्लोरीनच्या गोळीतून काय किंवा ब्लीचिंग पावडरमधून काय, पाण्यात शेवटी काम करतं ते हेच. जंतू आणि शेवाळं मारून झालं, किंवा उन्हानं त्याचं विघटन झालं, की क्लोरीन पुन्हा क्लोराइड होतो, म्हणजे मिठाच्या रूपात परत येतो. म्हणून मीठ खर्च होत नाही. ते फिल्टरच्या बॅकवॉशमधून, अंगावरून उडालेल्या पाण्यातून किंवा ओसंडून गेलं तरच कमी होतं.

“पाणी खारट लागेल का?” हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक यंत्रांना लिटरमागे तीन ते साडेतीन ग्रॅम मीठ लागतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम असतं आणि आपल्या अश्रूंत नऊच्या आसपास. जिभेला जेमतेम कळेल इतकाच हा खारटपणा. डोळे चुरचुरतात आणि ‘क्लोरीनचा वास’ येतो त्याचं कारण बहुतेक वेळा क्लोरामाइन असतं. घाम, लघवी, अंगाचं तेल यांच्याशी अपुऱ्या क्लोरीनची गाठ पडली की ते तयार होतं. सेल रोज तासन्‌तास थोडा थोडा क्लोरीन सोडत राहतो, त्यामुळे शनिवारी भरपूर आणि बुधवारी शून्य असे झोके बसत नाहीत. मिठाच्या पाण्यात पोहणं सौम्य वाटतं, त्यामागे मोठा वाटा या सातत्याचा आहे.

आता मापं. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल असा पूल धरा. हे झालं ४४.८ घनमीटर, म्हणजे जवळपास ४५,००० लिटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अशा पूलला दिवसाला साधारण ३ पीपीएम क्लोरीन लागतो असं धरू. पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम, तेव्हा हिशेब दिवसाला १३५ ग्रॅमवर येतो. पंप आठ तास चालत असेल तर तासाला २५ ग्रॅम देणारा सेल पूर्ण जोरावर २०० ग्रॅम देईल आणि ७० टक्क्यांवर १४०. हा सेल योग्य. तासाला १७ ग्रॅमचा सेलही कागदावर पुरतो, पण त्याला रोज छाती फुटेस्तोवर धावावं लागतं आणि पाहुण्यांची पलटण उतरली की तो मागे पडतो. खोक्यावर ‘५०,००० लिटरपर्यंत’ असं छापलेलं असतं, त्यावर जाऊ नये. ग्रॅम विचारावेत. एक अँपिअर प्रवाहातून तासाला जेमतेम १.३ ग्रॅम क्लोरीन मिळतो, हे गणित कुठल्याच कंपनीला चुकवता येत नाही. जास्त क्लोरीनसाठी प्लेटांची ओळ वाढवून तोच प्रवाह पुन्हा पुन्हा वापरून घेतला जातो, म्हणून मोठा सेल महाग.

यंत्र विकत घेण्याआधी मात्र पाणी तपासायला हवं, आणि घाई होते ती नेमकी इथे. टीसीसीएच्या गोळ्यांवर चाललेल्या पूलमध्ये एक गोष्ट गुपचूप साठत जाते, ती म्हणजे सायन्युरिक ॲसिड. पूलवाले त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. ते थोडं हवंच, कारण त्याच्याशिवाय उघड्या पूलमधला निम्मा क्लोरीन भर उन्हात तासाभराच्या आत उडतो. मिठाच्या पूलला ६० ते ८० पीपीएम चांगलं. पण टीसीसीएच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग त्याचाच असतो. दर १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड पाण्यात उतरतं आणि ते उडून जात नाही. दिवसाला ३ पीपीएमच्या हिशेबानं तीन महिन्यांतच ते दीडशेच्या वर पोचतं. मग क्लोरीन मोजला तर दिसतो, पण काम करत नाही. अशा पाण्यात सेल बसवला की पहिल्याच आठवड्यात “यंत्र बोगस आहे” असा फोन येतो. उपाय एकच : अर्धंअधिक पाणी सोडून नवं भरायचं. टँकरवर जगणाऱ्या बंगल्याला हे जड जातं, पण दुसरा मार्ग नाही.

बोअरचं पाणी भरणार असाल तर हार्डनेसही बघा. दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बऱ्याचदा जड असतं आणि त्यातलं कॅल्शियम सेलच्या प्लेटांवर पांढरं कवच धरतं. कॅल्शियम हार्डनेस ४०० पीपीएमच्या वर गेला तर मऊ पाणी मिसळावं. ब्लीचिंग पावडरवर वर्षानुवर्षं चाललेल्या पूलमध्ये हा आकडा आपोआप चढलेला असतो.

त्यानंतर पूलभोवतीचा दगड आणि लोखंड. खारं पाणी काठावर उडतं, सुकतं, आणि दगडाच्या छिद्रांत मिठाचे स्फटिक फुगून पापुद्रे काढतात. कोटा आणि पिवळा जैसलमेर हे चुनखडीचे दगड, ढोलपूर वालुकाश्म, आणि कोकणातला आपला लाडका जांभा तर जाळीदारच. पूलची कड यांपैकी कशाची असेल तर चांगल्या प्रतीचा सीलर मारा आणि पोहणं संपल्यावर काठावर साध्या पाण्याचा पाइप फिरवण्याची सवय केअरटेकरला लावा. ग्रॅनाइट आणि घट्ट काळा दगड सहसा तक्रार करत नाहीत. स्टीलची शिडी ३०४ ग्रेडची असेल तर तिच्यावर तांबूस डाग येणार. नवी घेताना ३१६ मागावी. प्लास्टर नवं असेल तर महिनाभर मीठ घालू नये.

बसवण्याचं काम तसं अर्ध्या दिवसाचं. पंप, मग सँड फिल्टर, हीटर असलाच तर तो, आणि सर्वांत शेवटी सेल, असा क्रम ठेवावा, म्हणजे सेलमधून निघालेलं तेज क्लोरीनचं पाणी थेट पूलकडे जातं आणि हीटरच्या तांब्याला झोंबत नाही. पाइप कापून युनियन लावून घ्या. सेल साफसफाईसाठी हातानं काढता आला पाहिजे. पाणी वाहायचं थांबलं की सेल बंद करणारा फ्लो स्विच मात्र कुठल्याही परिस्थितीत वगळू नका. तासाला २५ ग्रॅम क्लोरीन करणारा सेल त्याच वेळी आठ-नऊ लिटर हायड्रोजनही सोडतो. पाणी वाहतं आहे तोवर तो बारीक बुडबुड्यांच्या रूपात पूलमध्ये जाऊन हवेत मिसळतो, चिंता नाही. पंप बंद आणि सेल चालू अशी वेळ आली तर तोच वायू बंद नळकांड्यात कोंडतो आणि एका ठिणगीवर फुटू शकतो. म्हणून कंट्रोलरचं कनेक्शन पंपाच्या स्टार्टरवरूनच घ्यावं, म्हणजे पंप थांबला की सेल थांबणारच, आणि फ्लो स्विच ही दुसरी राखण. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि धड अर्थिंग याबद्दल वायरमनशी घासाघीस करू नये.

आता मीठ. ४५,००० लिटरला लिटरमागे ३.२ ग्रॅम म्हणजे १४४ किलो. पण जुन्या पूलच्या पाण्यात मीठ आधीच असतं, कारण लिक्विड क्लोरीन आणि ॲसिड टाकून टाकून ते जमलेलं असतं. लिटरला ०.८ ग्रॅम निघालं तर ३६ किलो वजा करा, उरले १०८. घरातल्या आरओसाठी घेतलेला टीडीएसचा पेन इथे अंदाजापुरताच. तो पाण्यातले सगळे क्षार एकत्र मोजतो. मिठाच्या पट्ट्या मिळतात, त्या वापराव्यात. मीठ शुद्ध, बिनआयोडिनचं आणि ढेकळं न होण्यासाठी घालतात ते द्रव्य नसलेलं हवं. पेण-उरणच्या मिठागरांतलं जाडं मीठ स्वस्त आणि जवळचं, मोह होतोच. पण न धुतलेल्या जाड्या मिठात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि मातीही असते, आणि ते सगळं शेवटी प्लेटांवर व फरशीवर येऊन बसतं. लोणच्याला ते मीठ उत्तम, पूलला रिफाइंड.

मीठ टाकताना सेल बंद आणि पंप चालू. पोती पूलच्या कडेनं फिरत रिकामी करायची. स्किमरमध्ये किंवा बॅलन्सिंग टँकमध्ये ओतायचं नाही. तळाशी पांढरे ढीग दिसतील, ते ब्रशनं पसरवायचे. आधी तीन-चतुर्थांश मीठ घालून पूर्ण एक दिवस पाणी फिरू द्या, मोजा, मग उरलेलं. कमी पडलं तर घालता येतं. जास्त झालं तर पाणी सोडण्यावाचून इलाज नसतो. पातळी जमली की सेल ६० टक्क्यांवर सुरू करून आठवडाभर रोज क्लोरीन मोजायचा आणि तो ३ ते ४ पीपीएमवर स्थिरावेपर्यंत टक्के वर-खाली करायचे. गोळ्या बंद. उरलेल्या गोळ्यांचा डबा ब्लीचिंग पावडरच्या पोत्याशेजारी ठेवू नका. ही दोन द्रव्यं एकमेकांत मिसळली तर आग लागते किंवा स्फोट होतो.

इथून पुढे क्लोरीनपेक्षा पीएचकडे लक्ष द्यावं लागतं. मिठाच्या पूलचा पीएच सतत वर चढतो. कॉस्टिक सोड्याला दोष दिला जातो, पण क्लोरीन वापरला जाताना तितकंच आम्ल परत तयार होतं आणि फिटंफाट होते. खरा प्रकार असा की हायड्रोजनचे बुडबुडे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ढवळून बाहेर काढतात आणि पीएच सरकतो. म्हणून अल्कलिनिटी ६० ते ८० पीपीएमवर ठेवली की चढण्याचा वेग मंदावतो. तरी आठवड्यातून एक-दोनदा थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून पीएच ७.४ ते ७.६ मध्ये आणावाच लागतो. तो ८ च्या वर राहू दिला तर क्लोरीन मंदावतो आणि प्लेटांवर कवच चढतं.

कवच थोडं असेल तर यंत्र स्वतःच प्लेटांचे धन-ऋण ध्रुव उलटून ते झाडतं. तरीही दर दोन-तीन महिन्यांनी सेल काढून उजेडात धरून बघावा. पांढरं साचलेलं दिसलं तर चार भाग पाण्यात एक भाग ॲसिड, आणि तेही ॲसिड पाण्यात ओतून, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. दहा-पंधरा मिनिटं फसफस होऊ द्या आणि धुऊन टाका. पेचकसानं खरवडलंत तर लेप गेलाच. काही केअरटेकर हौसेनं दर महिन्याला सेल ॲसिडमध्ये बुडवतात. स्वच्छ सेलला ही आंघोळ घालणं म्हणजे आयुष्य कमी करणं. नीट वापरलेला सेल तीन ते सात वर्षं जातो, मग नवा घ्यावा लागतो, आणि यंत्रातला सर्वांत महाग भाग तोच. खर्चाची तुलना करताना गोळ्यांचा वार्षिक खर्च एकीकडे आणि सेलची किंमत भागिले पाच दुसरीकडे, असं मांडावं. फार मोठी बचत दिसणार नाही. मिळते ती सोय आणि स्थिर पाणी.

बॅकवॉशचं पाणी मात्र आजवर बागेत सोडत असाल तर ते थांबवा. नारळ तेवढं सोसेल, आंबा सोसणार नाही, आणि विहीर जवळ असेल तर शेजारीही.

परदेशी पुस्तिकांत न सापडणारा भाग म्हणजे आपला पावसाळा. अलिबागला वर्षाला सरासरी २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, लोणावळ्याला त्याच्या दुपटीच्या आसपास. २००० मिलिमीटर म्हणजे पूलवर दोन मीटर पाणी, आणि आपला पूल सरासरी १.४ मीटरच खोल! म्हणजे हंगामात पूलच्या पोटात मावेल त्याहून जास्त पाणी आभाळातून येतं आणि तितकंच ओसंडतं. सगळं नीट मिसळत गेलं तर ऑक्टोबरपर्यंत तीन-चतुर्थांश मीठ गटारात जातं. सायन्युरिक ॲसिडही त्याच्याबरोबर जातं. गोड पाणी किंचित हलकं असल्यानं वर तरंगतं, म्हणून मुसळधार पाऊस चालू असताना पंप बंद ठेवला तर काही प्रमाणात वरचं पाऊसपाणीच निघून जातं आणि मीठ वाचतं. पण जुलैत सलग आठ दिवस कोसळायला लागल्यावर या युक्तीचं फारसं चालत नाही.

मीठ लिटरला अडीच ग्रॅमच्या खाली गेलं की बरीच यंत्रं लाल दिवा दाखवून थांबतात. दर आठवड्याला पोती ओतत बसण्यापेक्षा सेल सरळ बंद करावा, काढून धुऊन ठेवावा आणि पावसाळाभर पूल लिक्विड क्लोरीनवर चालवावा. ढगाळ हवेत क्लोरीनची गरजही निम्म्यावर येते. वादळात दोन-दोन दिवस वीज जाते तेव्हा तसाही सेल निकामीच असतो, म्हणून लिक्विडचा एक कॅन घरात हवाच, आणि तो ॲसिडच्या कॅनपासून दूर. नवरात्र आटोपलं की पाणी तपासून मीठ व स्टॅबिलायझर पूर्ववत करायचं. यावरून हेही ठरतं की यंत्र बसवायचं ते ऑक्टोबरात. मे महिन्यात बसवून घेतलेल्या पूलच्या पहिल्या दीडशे किलो मिठातलं बरंचसं पंधरा ऑगस्टपर्यंत खाडीला मिळालेलं असतं.